सुसंगत

पत्र रात्री नऊ चाळीसला आलं.
आणणारा पोरगा नवा, बुटांना बर्फ चिकटलेला,
वही पुढे केली तेव्हा हात थरथरत होता.
थंडीनं, म्हणाला.
मी शिक्का मारला. तारीख, वेळ, आद्याक्षरं.
व्हर्ना टॉलेफसन, मूळची नॉर्थ डकोटाची,
सिनेटच्या ह्याच टेबलापाशी एकतीस वर्षं.

दीड पानाचा मजकूर.
परवा रात्री, तिकडे पहाट होती म्हणे,
कुठल्याशा किनाऱ्यावर आपली विमानं जाऊन आली.
अठ्ठेचाळीस तासांच्या आत कळवायचं असतं,
राष्ट्राध्यक्षांनी कळवलं,
सत्तेचाळिसाव्या तासाला.

मी सगळं वाचत नाही.
आई सूप टाकण्याआधी घेवड्यातला खडा शोधायची
तसा एक शब्द शोधते.
असतोच तो.
'कायद्याशी सुसंगत राहून कळवत आहे.'
'कायद्यानुसार' नाही.
'कायद्यानुसार' लिहिलं की कायदा मानला,
मानला की घड्याळ सुरू झालं,
साठ दिवस, नंतर आमची परवानगी, नाहीतर परत फिरा.
म्हणून सुसंगत.
ताकाला यायचं, आणि भांडं कोटाच्या आत.
किती आले गेले ह्या एकतीस वर्षांत,
पक्ष बदलले, सह्यांची वळणं बदलली,
हा शब्द कोणी बदलला नाही.

सकाळी सभागृहात सिनेटर क्विनलन गरजले,
युद्ध पुकारायचा अधिकार आमचा! आमचा!
टेबलावरचा ग्लास हिंदकळला.
दुपारी तळघरातल्या छोट्या गाडीत
माझ्या शेजारी बसले, गुडघे चोळत.
म्हणाले, व्हर्ना, बरं झालं विचारलं नाही त्यानं.
विचारलं असतं तर मत द्यावं लागलं असतं,
आणि दिलेलं मत
बायकोपेक्षा जास्त वर्षं लक्षात ठेवतात लोक.
गाडी दीड मिनिटात पोचते.
तेवढंच खरं बोलतात ते दिवसभरात.

तिजोरीची किल्ली आमच्याकडे, हे सगळे सांगतात.
नाक दाबलं की तोंड उघडतं.
पण दाबायला जावं
तर हाताशी लागतं ते जहाजावरच्या पोरांचं नाक.

माझ्या मागे कमिटीचं कपाट आहे.
विधेयकं मरतात दर दोन वर्षांनी, रीतसर.
करार मरत नाहीत, पडून राहतात.
एक आहे समुद्रातल्या माशांचा, मी नोकरीला लागले त्या वर्षीचा.
तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी सही केली, पेन वाटली, फोटो काढले.
सदुसष्ट मतं हवी होती. एकसष्टपर्यंत गेला एकदा.
मासे कुठल्या कुठे गेले असतील.
मी नाताळच्या आधी त्याची धूळ पुसते.

पत्राच्या चौथ्या दिवशी फोन आला, लुइझियानाहून.
आयडेला ब्रूसार्ड. मुलगा विमानवाहू नौकेवर आहे, डेकवर,
पिवळा शर्ट घालून विमानांना हात करतो.
तिला एवढंच हवं होतं,
हे युद्ध आहे का?
माझ्यासमोर पत्राची प्रत होती.
त्यात 'मोहीम' होती, 'मर्यादित' होतं, 'संरक्षणात्मक' दोनदा.
मी म्हटलं, बाई, तो शब्द अजून ठरलेला नाही.
कोण ठरवतं?
मी म्हटलं, दोघं मिळून.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मागे कुठेतरी कपडे धुण्याचं यंत्र फिरत होतं.
मग म्हणाली, आमच्याकडे दोघांनी मिळून पाळलेलं कुत्रं
उपाशी मेलं होतं.

साठाव्या दिवसाभोवती मी पेन्सिलनं गोल केला होता.
कोणी सांगितलं नव्हतं.
तो दिवस आला तेव्हा ईस्टरची सुट्टी,
सभागृहात एक माणूस गालिचा झाडत होता.
मतदानाची घंटा झाली नाही.
क्विनलन मतदारसंघात, मक्याच्या कुठल्याशा मेळाव्यात.

संध्याकाळी तोच पोरगा आला.
नवं पत्र, दुसरा किनारा.
बूट कोरडे होते,
आणि वही त्यानं न बघताच पुढे केली.
शिक्का मारण्याआधी मी खडा शोधला.

फोन वाजायला लागला.
लुइझियानाचा नंबर.
मी घड्याळात पाहिलं, वेळ लिहिली,
मग उचलला.